अकरा महिन्यांचे नागरिक
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मुंबईत घरांचा प्रश्न निघाला की चर्चा दोनच वर्गांभोवती फिरते. एक झोपडीवासीयांचा, दुसरा जुन्या चाळींतील पागडीच्या भाडेकरूंचा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग वाढला आहे आणि त्याचे गाऱ्हाणे कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नाही. कंत्राटी शिक्षक, इस्पितळातील परिचारिका, दुकानातील विक्रेते, घरपोच माल पोहोचविणारे तरुण असे हे लोक अकरा महिन्यांच्या कराराने राहतात. करार संपला की भाडे वाढते, नाहीतर बिऱ्हाड हलते. बिऱ्हाडाबरोबर मुलांची शाळा बदलते, शिधापत्रिकेवरचा आणि मतदारयादीतला पत्ता खोटा ठरतो, आणि अनामत व दलाली यांची जुळवाजुळव नव्याने करावी लागते. मुसलमान, दलित किंवा एकटी राहणारी स्त्री असेल, तर पैसे हाती असूनही दार उघडेलच असे नाही.

हा वर्ग आपोआप निर्माण झाला नाही. युद्धकाळातील नफेखोरीला आळा घालण्यासाठी घरभाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविण्यात आली आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने तीच पातळी कायम ठेवली. हेतू न्याय्य होता. परंतु भाडे गोठविताना भाड्याची नवी घरे पुरेशा संख्येने बांधण्याची जबाबदारी शासनाने उचलली नाही. मालकांनी दुरुस्ती सोडली आणि बांधकाम व्यावसायिक मालकी हक्काच्या सदनिका विकण्याकडे वळले. ज्यांना घर भाड्याने द्यायचे होते त्यांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली. राहणारा हा भाडेकरू नव्हेच, केवळ परवानाधारक, अशी ही युक्ती होती. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. त्यानंतर आलेल्यांना तो मिळाला नाही. २००० साली अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली, पण परवानाधारकाला मुदतीनंतर घर न सोडल्यास दुप्पट आकार भरण्याची शिक्षा ठेवली. एकाच इमारतीत एक कुटुंब नाममात्र भाड्यात राहते आणि शेजारच्या कुटुंबाचा निम्मा पगार भाड्यात जातो, त्याचे मूळ येथे आहे.

शासनाने तर या क्षेत्रातून अंगच काढून घेतले आहे. १९२० नंतरच्या दशकात परकीय सरकारने बी.डी.डी.च्या २०७ चाळी बांधल्या. खोल्या कोंदट होत्या, पण भाड्याच्या होत्या. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली आणि काही वर्षांतच तिची दिशा विक्रीच्या घरांकडे वळली. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार शहरी घरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. त्याच पाहणीप्रमाणे २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती. एकीकडे कुलूपबंद घरे आणि दुसरीकडे खाटेपुरत्या जागेसाठी धावाधाव, याला टंचाई म्हणता येत नाही. घर हे निवाऱ्याचे साधन न राहता भांडवल साठविण्याचे साधन झाल्याचा हा परिणाम आहे.

याला पर्याय नाही, असे सांगितले जाते. व्हिएन्ना शहराचा इतिहास वेगळे सांगतो. तेथील समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा कर बसविला, त्याचा मोठा भार ऐश्वर्यवंतांच्या निवासांवर टाकला आणि १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी केली. ती विकली नाहीत, भाड्याने दिली. त्या शहरातील सुमारे निम्मे नागरिक आजही नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात.

मुंबईतही लढ्याची परंपरा आहे. मृणाल गोरे व बाबूराव सामंत यांच्या नेतृत्वाखाली नागरी निवारा परिषदेने कमाल जमीनधारणा कायद्याखालील अतिरिक्त जमिनीसाठी झगडून गोरेगावच्या दिंडोशीत हजारो कुटुंबांना घरे मिळवून दिली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. ती घरे मालकीची होती. ज्याला मालकीचे घर पेलतच नाही त्याच्यासाठीचा लढा अजून उभारायचा आहे.

त्याच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक जमिनीवरील घरांचा ठराविक हिस्सा कायम भाड्यासाठी राखला जावा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात अनामतीला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. तो कायदा स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर असल्याने ही मर्यादा येथे कायद्याने आणावी. कराराच्या नूतनीकरणाचा हक्क मिळावा आणि भाडेवाढीला कमाल दर असावा. जात, धर्म वा एकटेपणा पाहून घर नाकारणे दंडनीय ठरावे.

कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. भाडेकरार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी आजच्या कायद्यानेही घरमालकावर आहे. तसा करार नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे ज्याला ठाऊक असायला हवे, त्यालाच ते बहुधा ठाऊक नसते. प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी राखली, करार वाचून दाखविले आणि एका वस्तीतील भाडेकरूंची एकमेकांशी गाठ घालून दिली, तर संघटनेची सुरुवात होईल. दर अकरा महिन्यांनी पांगणाऱ्यांची संघटना बांधणे कठीण आहे. पण गोदी कामगार आणि घरकामगार स्त्रिया यांचीही संघटना होणे एके काळी अशक्यच मानले जात असे.