बैठक मंदावते तेव्हा

साक्री तालुक्यातून पीकनुकसानीचे आकडे धुळ्याच्या कचेरीस सांगितले जात असावेत आणि ऐन आकड्यावरच आवाज तुटावा, म्हणजे गावे ‘साठ’ की ‘आठ’ हा घोळ उरतोच. 2020 च्या टाळेबंदीपासून दूरस्थ बैठका जळगाव-धुळ्याच्या कामकाजात रुळल्या. त्यांसवे हा मंदपणाही आला.

दोष सहसा इंटरनेटच्या माथी मारला जातो. तो प्रत्येक वेळी खरा नसतो. अन्य संकेतस्थळे झरझर उघडत असतील, तर दुखणे बहुधा संगणकातच आहे असे समजावे. मायक्रोसॉफ्टच्या ‘टीम्स’ची जुनी आवृत्ती संगणकाच्या स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, मोठा घास घेई. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वांस खुली झालेली नवी आवृत्ती दुप्पट चपळ असून निम्मीच स्मृती वापरते, असा कंपनीचा दावा आहे. मात्र 4 जीबीच्या जुन्या यंत्रावर वीसेक पाने उघडी ठेवली, तर तीही धापा टाकणारच!

तात्पुरता साठा, ज्यास ‘कॅश’ म्हणतात, तो बिघडल्यासही गती मंदावते. विंडोजच्या सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत टीम्सचे प्रगत पर्याय उघडून ‘रीसेट’ केले की तो पुसला जातो. संदेश सर्व्हरवर सुरक्षित राहतात. परंतु पुन्हा प्रवेश करावा लागतो. म्हणून हे काम आदल्या दिवशी उरकावे व परवलीचा शब्द हाताशी ठेवावा.

बैठक सुरू असताना अडचण आली, तर येणारी चित्रे बंद करावीत. आकड्यांना आवाज पुरतो. तरीही ते संदेशाच्या चौकटीत लिहून धाडावेत. तेथे साठाचे आठ होत नाहीत.