भातखाचरातील उंदीर : आधी वाट ओळखा, मग सापळा लावा

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून मागच्या रांगेतले काही तरुण हसले. उंदीर पकडायला काय शिकायचे? पिंजरा आणला, खोबऱ्याचा तुकडा अडकवला की झाले, असे त्यांना वाटत असणार. माळ्यावरच्या एका उंदरापुरते ते खरेही आहे. पण खाचराच्या बांधात ज्याचे बिऱ्हाड आहे, तो उंदीर इतका भोळा नसतो. शिवाय आपली खाचरे लहान. दहा-बारा गुंठ्यांत घरचा वर्षाचा तांदूळ पिकवायचा असतो. त्यातला एक कोपरा उंदराने झोपवला, तर मार्च-एप्रिलमध्ये तांदूळ विकत आणायची वेळ घरातल्या बाईवर येते. म्हणून ही विद्या घरातल्या एकाने तरी नीट शिकून घ्यावी, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम नुकसान ओळखावे. उंदराने कापलेला भाताचा बुडखा पाहा. काप तिरका असतो आणि तोडलेला धांडा तिथेच पडलेला असतो. तो जेवढे खातो त्यापेक्षा जास्त तोडतो, कारण त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला सतत कुरतडावे लागते. लावणीनंतर लवकर तोडलेला चूड पुन्हा फुटवे धरतो. पण पीक पोटरीत आल्यावर तोडले, तर ते फुटवे भरून यायला दिवस उरत नाहीत. नेमके याच वेळी आपण जागे होतो आणि दुकानात धावतो.

आता शत्रू कोण ते पाहू. खाचरात मुख्य त्रास देतो तो घुशीच्या कुळातला काळसर, रुंद तोंडाचा उंदीर. त्याची शेपटी अंगापेक्षा आखूड असते. कोंडला की तो गुरगुरतो, अंगावरही येतो. त्याच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असतो आणि आत लोंब्यांचा साठा असतो. दुसरा लहान, मऊ केसांचा, पोटाकडे फिकट. तो बांधाच्या भेगांतही राहतो, साठा मात्र करीत नाही. तिसरा घरातला आणि माडावरचा, अंगापेक्षा लांब शेपटीचा, चढण्यात पटाईत. तिघांच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे सापळ्याच्या जागाही वेगळ्या. माडावरच्यासाठी तर सापळ्यापेक्षा खोडाला उंचावर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळणे सोपे. मात्र शेजारच्या झाडाची झावळी आपल्या माडाला टेकलेली नसावी, नाहीतर पत्रा नुसता शोभेला.

बांधावर भोके पुष्कळ दिसतात. सगळीच उंदराची नसतात. खेकड्याच्या बिळाशी ओल्या चिखलाचे गोळे असतात व तोंड गुळगुळीत असते. उंदराची माती सुटी, नखांनी उकरलेली. त्यातही कोणते बीळ चालू आहे ते नुसते बघून कळत नाही. त्यासाठी बिनखर्चाची युक्ती आहे. पावसाने उघडीप दिली की संध्याकाळी बांधावरून फिरावे आणि दिसेल ते प्रत्येक बीळ चिखलाने बंद करावे. शेजारी काठी रोवावी. सकाळी जी तोंडे उघडलेली दिसतील तीच जिवंत बिळे. वीस बिळे बुजवली आणि सहाच उघडली, तर आपले काम सहा बिळांपुरते. ही मोजणी न करता सापळे लावणारा माणूस रिकाम्या घराची कडी वाजवत बसतो.

हे शास्त्र फक्त विद्यापीठात आहे असे समजू नका. रायगड-ठाण्याकडचे कातकरी बांधव भातकापणीनंतर बांधावर उंदीर धरतात, त्यांच्या शेजारी एक सकाळ उभे राहून पाहा. कुदळ मारण्याआधी ते बिळाची दुसरी, तिसरी तोंडे शोधून बंद करतात. आपण मात्र समोरचे तोंड खणत बसतो आणि उंदीर मागच्या दाराने निघून जातो. तमिळनाडूतील इरुळा समाजाचे लोकही बिळात मडक्याने धूर भरून असेच उंदीर धरतात. या लोकांकडून शिकण्यात कमीपणा नाही. फक्त एक लक्षात ठेवा, बिळात हात घालू नये. उंदराच्या बिळात नाग किंवा घोणस मुक्कामाला असते.

आता सापळ्याविषयी. लाकडी चाप आणि तारेचा पिंजरा ही दोन साधने आपल्याकडे पुरेशी आहेत. एका खाचराला एक पिंजरा हा केवळ मनाचा समाधान. जितकी जिवंत बिळे, निदान तितके चाप हवेत. एकेकाला परवडत नसेल तर वाडीने मिळून घ्यावेत आणि आळीपाळीने वापरावेत. उंदीर रोज एकाच वाटेने जातो. गवतात ती वाट दोन-तीन बोटे रुंद, दबलेली दिसते, लेंड्या पडलेल्या असतात. चाप त्या वाटेवर आडवा ठेवावा, आमिषाची बाजू वाटेकडे. घरात असेल तर भिंतीला काटकोनात, आमिष भिंतीकडे.

खरी गंमत पुढे आहे. उंदराला नव्या वस्तूचा संशय येतो, विशेषतः घरातल्याला. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री चाप न ताणता नुसते आमिष ठेवावे. त्याला फुकट जेवू द्यावे. आमिष रोज उचलले जाते असे दिसले की मग सगळे चाप एकाच रात्री ताणावेत. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी या तीन रात्रींचा धीर न धरल्याच्या असतात. आमिष म्हणून भाजलेले सुके खोबरे, सुकी मासळी किंवा तेलात परतलेला भाकरीचा तुकडा वापरावा. सभोवती भात पिकत असताना भाताचेच आमिष लावून काय उपयोग? काळसर उंदराला चिंबोरीचा तुकडाही आवडतो. सापळे सूर्यास्ताच्या सुमारास ताणावेत आणि उजाडताच उचलावेत, म्हणजे दिवसा पाखरे आणि कोंबड्या अडकत नाहीत. पिंजऱ्यात मुंगूस सापडले तर सोडून द्यावे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ते संरक्षित आहे आणि तसेही ते आपल्याच बाजूचे आहे. धामण व गव्हाणी घुबड यांचेही तेच.

पकडलेला उंदीर ओढ्यापलीकडे सोडून येणारे दयाळू लोक मला भेटतात. ओढ्यापलीकडेही कुणाचे तरी खाचर असते. तो चटकन मारून खोल पुरावा, पण उघड्या हाताने धरू नये. याचे कारण महत्त्वाचे आहे. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून आपल्या अंगात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या तापाने अनेकांचा बळी घेतला, आणि कोकणातल्या भातशेतीत हा धोका दर पावसाळ्यात असतो. लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नये. लगेच डॉक्टरकडे जावे आणि आपण चिखलात काम करतो हे आवर्जून सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

मग विष का नको, असे कुणी विचारील. विष अजिबात नको असे मी म्हणत नाही. पण झिंक फॉस्फाईड काही तासांत काम करते. ज्या उंदराने थोडेच खाल्ले, तो आजारी पडतो, जगतो आणि पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणजे घाईने ठेवलेले विष उंदराला शहाणे करते. या विषावर नेमका उतारा नाही आणि आपल्या घरात ती पुडी असते कुठे, तर मिसरीच्या डब्याशेजारी, फळीवर, पोराचा हात पोहोचेल अशा ठिकाणी. ब्रोमॅडिओलोनने उंदीर काही दिवसांनी मरतो, पण असा उंदीर खाणारे घुबडही दगावू शकते. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी वापरायच्याच नाहीत, त्यावर कायद्याने बंधन आहे. म्हणून आधी मोजणी, मग सापळे, आणि बिळे फारच असतील तरच कृषि अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने विष, हा क्रम मला योग्य वाटतो.

वेळ कोणती, हा प्रश्न उरला. लावणीनंतर खाचरात पाणी असते तेव्हा उंदीर बांधावर आणि वरकस जमिनीवर कोंडलेले असतात. संख्या कमी, जागा थोडी. पिकात दाणा भरू लागला की त्यांची वीण जोर धरते. गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा, एका वेळी सहा-आठ पिल्ले सहज. त्यामुळे ऑगस्टमध्ये पकडलेली एक मादी ऑक्टोबरमधल्या डझनभर उंदरांच्या बरोबरीची आहे. बांधही अरुंद ठेवावेत. फूटभर रुंदीच्या बांधात उंदराला प्रशस्त घर करता येत नाही.

आणि एक बांध असा असतो की ज्याच्याविषयी बोलायला कुणी धजत नाही. भावकीच्या वादातला. दोन भावांमधला बांध, तारीख पडलेली, त्यामुळे गवत कोण कापणार यावरून दोघेही हात लावत नाहीत. मी ज्या ज्या गावात गेलो, तिथे सर्वात जास्त जिवंत बिळे याच बांधावर मोजली. उंदीर सात-बारा बघत नाही, रात्री दोन्ही खाचरांत जेवतो. मालकी कोर्ट ठरवील तेव्हा ठरवील. गवत दोघांनी एका दिवशी कापावे आणि चाप दोन्ही अंगांनी लावावेत. एकट्याने आपला बांध साफ केला तर पंधरवड्यात शेजारचा उंदीर रिकाम्या बिळात राहायला येतो, त्यामुळे सबंध वाडीनेच एक आठवडा ठरवून घेतलेला बरा.

आज संध्याकाळी पाच वाजता शाळेमागच्या खाचरावर आपण बिळे बुजवून पाहणार आहोत. येताना प्रत्येकाने एक घमेले आणि पाच-सहा काठ्या आणाव्यात. सकाळी सहाला पुन्हा तिथेच जमून उघडलेली तोंडे मोजू. भगिनींनीही अवश्य यावे, कारण बांधावरची वाट कुठे दबली आहे हे गवत कापणाऱ्या बाईला आधी ठाऊक असते.