देवाला जाब विचारावा का?



'देवाला प्रश्न विचारू नयेत' असं लहानपणापासून ऐकलं. आपली संतपरंपरा मात्र वेगळंच सांगते. जनाबाई विठ्ठलाशी हक्काने भांडली. चौदाव्या शतकात चोखोबांनी आपल्याला हीन का ठरवलं, हे त्यालाच विचारलं. सोयराबाईने विटाळाचाच जाब मागितला. भक्ती कुणीच सोडली नाही.

उत्तर द्यायला माणसांनीच सहाशे वर्षं लावली. १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी आपल्या रत्नागिरीत सर्वांसाठी पतितपावन मंदिर उभारलं. १९४७ साली पालगडच्या साने गुरुजींच्या उपोषणामुळे पंढरपूरच्या मंदिराचं दार उघडलं.

माझी आई गेली तेव्हा मीही 'का?' म्हणून विचारलं. नातेवाइकांना ते रुचलं नाही. उत्तर अजून मिळालेलं नाही. तरी रोज दिवा लावते आणि विचारतेही. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात तक्रार तोच नोंदवतो, ज्याला ते वापरायचं असतं. नको असेल तो मुकाट्याने निघून जातो.

तेव्हा घरातल्या मुलांनी देवाबद्दल अवघड प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प बसवू नका, एवढीच विनंती.