ईर्यासमिती आणि आपले रस्ते

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा पाठ)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीवर बोलण्याचा अधिकार माझ्याहून ज्येष्ठ मंडळींचा आहे. माझ्याकडे विषय सोपविला आहे तो आपल्या वार्षिक रस्ता सुरक्षा उपक्रमाचा. मी कापडाचा व्यापारी आहे, वक्ता नव्हे. म्हणून भाषणाऐवजी हिशेबच मांडतो.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, म्हणजे दर तासाला एकोणीस. त्यांतील १५,२२४ महाराष्ट्रातील होती. दुचाकीवर हेल्मेट न घातलेल्या मृतांचीच संख्या ५०,०२९ होती. हे आकडे केंद्र शासनाच्या अहवालातील आहेत.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे पाहू. घुग्घुस-माजरीचा कोळसा, गडचांदूर परिसरातील सिमेंट आणि सुरजागडचे लोहखनिज वाहणारे अवजड ट्रक ज्या रस्त्यांनी धावतात, त्याच रस्त्यांनी धानाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलबंड्या, सायकलींवरील शाळकरी मुले आणि पावसाळ्यात कोरड्या जागेच्या शोधात डांबरावर बसणारी गुरेही असतात. सूर्य मावळला की जंगलातील रस्त्यावर वाहनाच्या दिव्याखेरीज उजेड नसतो. ७ ऑगस्ट २०२५ रोजी पहाटे आरमोरी–गडचिरोली महामार्गावर काटली गावाजवळ व्यायामासाठी निघालेल्या मुलांना ट्रकने चिरडले व चार मुलांचा अंत झाला. पहाटेच्या त्याच अंधुक प्रकाशात आपले साधू-साध्वीजी अनवाणी पायांनी विहार करीत असतात, हे आपण विसरू नये.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर, बोट ठेवले आहे. मनात वैर नसले तरी बेफिकिरीने जीव गेला, तर तीही हिंसाच होय. साधूंच्या पाच समित्यांमध्ये ईर्यासमिती पहिली आहे. चालताना चार हात पुढील भूमी पाहत, जीव जपत पाऊल टाकावे, असा तिचा आशय आहे. सामायिक-प्रतिक्रमणाच्या आरंभी आपण इरियावहियं म्हणतो आणि जाता-येता पायांखाली आलेल्या एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची क्षमा मागतो. वाटेवरील मुंगीची क्षमा मागणाऱ्या आपल्याला गाडी चालविताना मात्र ईर्यासमिती आठवत नाही.

हे मी इतरांना सांगत नाही. स्वतःला सांगतो आहे. सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी गडचिरोलीहून उधारी वसूल करून मी जीपने चंद्रपूरला परतत होतो. मूल सोडल्यावर, जंगलाच्या भागात, रस्त्याच्या कडेला एक सायकलस्वार पडलेला दिसला. चालकाने वेग कमी केला आणि विचारले, “शेठ, थांबवू का?” माझ्याजवळ रोकड होती, अंधार पडला होता आणि मनात पोलीस-कोर्टाची धास्ती होती. मी म्हणालो, “चल, नसते लफडे नको.” दुसऱ्या दिवशी मूलच्या एका ग्राहकाकडून कळले, की तो माणूस तासभर जिवंत होता. त्याचे नाव मला आजतागायत ठाऊक नाही. त्या रात्रीही मी इरियावहियं म्हटले होते.

त्या काळी माझी भीती अगदीच निराधार नव्हती. आज मात्र ती सबब उरलेली नाही. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही. १०८ क्रमांक फिरविला की रुग्णवाहिका येते. ही माहिती आपल्या घराघरांत पोहोचली आहे काय, हा प्रश्न मी विचारू इच्छितो.

न्यायालयाचा हा निर्णय ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ या सेवाभावी संस्थेच्या याचिकेवर झाला. याच संस्थेने २०१६ पासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र समूह यांच्या साहाय्याने मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर काम केले. अपघात झाला की जागेवर जाऊन कारण शोधायचे, उघड्या काँक्रीटच्या कडांना लोखंडी कठडे लावायचे, कडेला उभे राहणारे ट्रक हटवायचे, अशी ती पद्धत होती. २०१६ मध्ये तेथे १५१ मृत्यू झाले होते, २०२० मध्ये ६६ झाले. २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते, हे मान्य केले तरी कामाचे मोल कमी होत नाही.

आपणही दरवर्षी जानेवारीत रॅली काढतो, पत्रके वाटतो, छायाचित्रे काढतो. हे वाईट नाही, पण उरलेल्या अकरा महिन्यांचे काय? शिवाय आपले कर्तव्य माणसापाशी संपत नाही. नागपूर–सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात वन्यजीवांसाठी रस्त्याखालून मार्ग ठेवले आहेत. २०१९ मध्ये तेथील कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. ११ वाघांनी ते मार्ग ८९ वेळा वापरले. वाट दिली तर मुके प्राणीही ती घेतात. आपल्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांसाठी असा आग्रह अहिंसेचे नाव घेणाऱ्या समाजाने धरायचा नाही, तर कोणी धरायचा?

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षापासून तीन कामे वर्षभर चालावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिले काम विहारसेवेचे. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू झाले की चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घातलेले चार युवक पाळीपाळीने सोबत असावेत आणि मार्ग आदल्या दिवशी पोलीस ठाण्याला कळवावा. दुसरे, धान कापणीपूर्वी मूल, सावली, सिंदेवाही, चामोर्शी येथे बैलबंड्या, ट्रॉल्या व सायकलींना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावाव्यात. तिसरे, प्रत्येक अपघाताची जागा व कारण वहीत नोंदवावे. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, तर राष्ट्रीय महामार्गावर ते अपघातप्रवण स्थळ ठरते. आपली वही जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवता येईल.

एक गोष्ट व्यापारी बंधूंसाठी. “माल सकाळी दुकान उघडताना हवा,” असे आपण फोनवर सांगतो, तेव्हा एक चालक रात्रभर डोळे ताणून जंगलातून येत असतो. अंधारात जीव दिसत नाहीत, म्हणून आपण रात्रिभोजन सोडले. मग त्याच कारणासाठी मालाची रात्रीची घाई सोडता येणार नाही काय? माल दुपारी आला तर एक दिवसाची विक्री थोडी कमी होईल. माझ्या दुकानापुरता हा नियम मी घेतला आहे.

त्या अनोळखी सायकलस्वाराची क्षमा मागण्याचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. आज आपणा सर्वांच्या साक्षीने त्याला मिच्छामि दुक्कडम् म्हणतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

जय जिनेंद्र.