ब्लड कॅन्सरवरचं 'एकदाच लावायचं सलाईन'

प्रतापनगरहून बोलतेय. ब्लड कॅन्सरवर एकदाच लावायचं सलाईन निघालंय, असं मोबाईलवर फिरतंय. बातमी खरी आहे, पण अर्धी.

या उपचाराचं नाव कार-टी. आपल्या रक्तात टी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगट पेशी ओळखून मारणं हे त्यांचं काम. पण कॅन्सरची पेशी आपल्याच अंगातली, म्हणून पुष्कळदा त्या तिला सोडून देतात. मग डॉक्टर रुग्णाच्याच टी पेशी रक्तातून वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यावर नवा रिसेप्टर बसवतात आणि त्या वाढवून परत शिरेतून देतात. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरची खूण ओळखणारा हात समजा. बी पेशींच्या कॅन्सरवर सीडी19 नावाची खूण असते, ती हा हात पकडतो.

खरी करामत या हाताच्या आतल्या टोकाची. पेशीनं पुढे कसं जगायचं, हा निरोप तिथून जातो. एका प्रकारच्या टोकानं पेशी झपाट्यानं वाढतात, तुटून पडतात आणि लवकर थकतात. दुसऱ्यानं जरा सावकाश वाढतात, पण राखणीला टिकतात. मेथी महिन्याभरात हाती येते आणि संपते, तूर मात्र शेतात उभी राहते, तसंच हे. अमेरिकेत 2010 मध्ये हा उपचार घेतलेल्या दोघांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही अशा पेशी सापडल्या.

आपल्याकडचा उपचार, नेक्सकार19, याच दुसऱ्या जातीचा. मुंबईचं आयआयटी आणि टाटा हॉस्पिटल यांनी मिळून तो घडवला. 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो सुरू झाला. परदेशात तीन-चार कोटी लागतात, इथे तीस-चाळीस लाख. स्वस्त म्हणायचं तरी कसं? महात्मा फुले योजनेचं कवच वर्षाला 5 लाखांचं. म्हणून शेत गहाण टाकण्याआधी दहादा विचारा.

चाचण्यांत सुमारे 73 टक्के रुग्णांना गुण आला. म्हणजे सगळ्यांना नाही, आणि गुण आलेल्यांतही काहींचा आजार परततो. सलाईननंतर जोराचा ताप येतो, बीपी उतरू शकतो. चांगल्या बी पेशीही मरतात, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती राहते.

हा उपचार 15 वर्षांवरच्यांना, आणि तोही केमोथेरपीला न जुमानलेल्या किंवा उलटलेल्या बी पेशींच्या कॅन्सरला. लेकराला ब्लड कॅन्सर निघाला तर केमो सोडू नका, पुष्कळ मुलं तिनंच बरी होतात. स्तनाच्या, गर्भाशयाच्या मुखाच्या, खर्र्यानं होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरवर हे सलाईन नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

नागपुरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. तिथे जाताना सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स न्या आणि विचारा: "डॉक्टर, हा बी पेशींचा कॅन्सर आहे का? सीडी19 तपासलं का?"