सांगणारा आहे तोवर लिहून घ्या

(नायगाव येथील चैत्र सप्ताहातील कीर्तन, ध्वनिमुद्रणावरून)

॥ रामकृष्णहरि ॥

आजच्या सेवेला घेतलेला अभंग जगद्गुरू तुकोबारायांच्या आत्मचरित्रपर अभंगांपैकी आहे. चाल आपण सगळ्यांनी मिळून म्हटली. आता अर्थाकडं वळू.

पहिली शंका अशी येते की, तुकोबारायांनी स्वतःबद्दल सांगितलंच कशाला? ज्यांनी ‘मी’पणा इंद्रायणीत सोडला, ते आपली हकिकत कशाला सांगत बसतील? महाराज स्वतःच त्याचा उलगडा करतात. त्यांचा भाव असा : हे बोलू नये खरं, पण तुम्ही संतांनी विचारलं, म्हणून तुमचा शब्द पाळला. आता ध्यानात घ्या बाबांनो. सांगणारे तुकोबाराय, पण सांगायला लावणारे कोण? विचारणारे. त्या संतांनी विचारलं नसतं, तर महाराज बोलले नसते.

आणि सांगितलं काय? आमचं घराणं लई मोठं, आमचा वाडा चौसोपी, असं सांगितलं का? नाही. दुष्काळ पडला, धंदा बुडाला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, हे सांगितलं. घरात चालत आलेली विठ्ठलाची पूजा होती, तीच शेवटी कामाला आली, हे सांगितलं. याला म्हणतात चरित्र! नफा-तोटा दोन्ही लिहिलेली वही.

आता दिवस कोणते चाललेत बघा. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत बीज झाली. षष्ठीला पैठणला नाथषष्ठी झाली. मग पाडवा आला. आता रामनवमी, पुढं हनुमान जयंती. रबीची सुगी उरकली, ज्वारी-हरभरा घरात आला. लेकी माहेरी आल्यात. पुण्याची, मुंबईची, हैदराबादची लेकरं गावात दिसायलीत. वर्षाचे अकरा महिने ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच असतात, त्या घरात आज वीस ताटं पडायलीत. हा वसंत ऋतू नुसता झाडाला पालवी आणत नाही, घरालाही आणतो.

पण मी विचारतो, ही वीस माणसं जमून बोलतात काय? पोराला पॅकेज किती, प्लॉटचा भाव काय, आणि उरलेला वेळ ज्याच्या-त्याच्या मोबाइलात. (हशा) हसू नका, खरं सांगायलो. ओसरीवर ती म्हातारी बसलेली असते. ऐंशी वर्षांचा ग्रंथ उघडा पडलाय आणि वाचायला कुणी नाही.

नाथबाबांचं घर बघा. आई-वडील नाथ लहान असतानाच गेले. सांभाळलं कुणी? आजोबा चक्रपाणींनी. चक्रपाणींचे वडील भानुदास महाराज, ज्यांनी विजयनगराहून विठ्ठलाची मूर्ती पंढरीला परत आणली, असं आपली परंपरा मानते. पणजोबाची ती गोष्ट नातवंडापर्यंत पोचवणारं घरात आजोबांशिवाय होतं कोण? आजोबांच्या मांडीवर जे मिळतं, ते दुसऱ्या कोणत्या शाळेत मिळत नाही.

बरं, नुसतं सांगून भागतं का? सांगणारा गेला की सांगणं गेलं. म्हणून लिहिणारा पाहिजे. तुकोबारायांचं वैकुंठगमन शके १५७१, म्हणजे १६५०. महिपतीबाबा ताहराबादकरांचा जन्म १७१५ चा. पासष्ट वर्षांचं अंतर. महिपतीबाबा गावचे कुलकर्णी, हातात लेखणी होतीच. ती लेखणी संतांकडं वळवली. १७६२ साली ‘भक्तविजय’ लिहिला, पुढं ‘भक्तलीलामृत’ लिहिलं. तुकोबांच्या घराण्यातले विश्वंभरबाबा, त्यांची पंढरीची वारी, ही मागच्या पिढ्यांची गोष्ट आज लेकराच्या तोंडी आहे, ती त्या लेखणीमुळं. आणि त्यांचा प्रामाणिकपणा बघा. आपल्या आधी नाभाजींनी लिहिलं, उद्धवचिद्घनांनी लिहिलं, त्यांच्या आधारानं मी लिहितो, हे ते ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगतात. कुणाकडून मिळालं ते सांगावं. ही संतचरित्रकारांची रीत आहे.

लांब कशाला जाता? आपल्या शेजारच्या उमरी तालुक्यातलं गोरठा. दासगणू महाराजांचं स्थान. महाराजांचा जन्म १८६८ चा, आधी पोलिसात नोकरी, मग कीर्तन, आणि जन्मभर संतचरित्रांचं लेखन. गजानन महाराजांनी शेगावी समाधी घेतली १९१० ला. ‘श्रीगजानन विजय’ हा एकवीस अध्यायांचा ग्रंथ पुरा झाला शके १८६१ मध्ये, म्हणजे १९३९ ला. एकोणतीस वर्षं झाली होती. महाराजांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून होती. शेगावच्या भक्तांनी हकिकती जमवल्या, कागदपत्रं पुरवली, त्यावरून दासगणूंनी ओवी रचली. आणखी वीस-तीस वर्षं कुणी थांबलं असतं, तर विचारायचं कुणाला? आणि तो ग्रंथ कळसाला गेला कोणत्या दिवशी? वर्षप्रतिपदेला! आपल्या पाडव्याला! घरोघर गुढी उभी होती आणि शेगावात ग्रंथ पुरा झाला.

कुणी म्हणंल, महाराज, ते संत होते. आमच्या आज्याचं काय लिहावं? तो तर अंगठेबहाद्दर. अहो, चोखोबारायांच्या घरात कोणती पाटी-लेखणी होती? चोखोबा, सोयराबाई, कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, सगळं घर अभंग बोललं. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले, असं परंपरा सांगते. तुकोबांचे लिहून घेतले संताजी जगनाड्यांनी. बोलणाऱ्याला अक्षर आलंच पाहिजे असं नाही. लिहून घेणारा जवळ बसला पाहिजे.

आणि बायांचं? आता माउल्यांनो, इकडं लक्ष द्या. श्राद्धाला गुरुजी काय विचारतात? वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. शास्त्रानं तीन पिढ्या दोन्हीकडच्या मागितल्यात. वडिलांचं नाव चटकन येतं. पणजोबाला जरा डोकं खाजवावं लागतं. आणि पणजीचं नाव विचारलं की सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडं बघतं! जिनं या घराला वंश दिला, तिचं नाव त्या घरात कुणाला माहीत नाही. लग्नात तांदळावर तिचं नाव बदललं. माहेरचं नाव माहेरी राहिलं, सासरचं सरणावर गेलं.

आपल्या मराठवाड्याच्या मातीत बहिणाबाई होऊन गेल्या. वेरूळजवळ देवगावात १६२८ चा जन्म, शिऊरला समाधी. त्यांनी आपलं चरित्र आपणच सांगितलं. वासराचा लळा सांगितला, कीर्तनाची ओढ सांगितली, आणि नवऱ्यानं मारलं तेही सांगितलं. झाकलं नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं एवढं खरं सांगितलं, आणि आपण आजीला विचारतसुद्धा नाही की, माय, तुला या घरात काय काय सोसावं लागलं?

एक दृष्टांत सांगतो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. भावकीतली दोन घरं. बांधावरून वीस वर्षं बोलणं बंद, तारखा चालू. पाडव्याला एका घरची शहरातली नात सुट्टीला आली. चौदा-पंधरा वर्षांची पोर. तिनं वही घेतली आणि आजीला म्हणली, “आजी, बाहत्तरच्या दुष्काळाचं सांग की.” म्हातारी सांगू लागली. खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो, तांबडी मिलो आणायचो. आणि बोलता बोलता म्हणली, “तुझा बाप तवा अंगावर होता. मला ताप भरला, दूध आटलं. तवा पलीकडच्या घरच्या जावेनं त्याला दोन महिने आपल्या अंगावर पाजलं. तिची पोरगी एका बाजूला, तुझा बाप एका बाजूला.”

बाप तिथंच बसला होता. पन्नाशीचा माणूस. ज्या घराविरुद्ध वकील दिला, त्या घरचं दूध अंगात हाय, हे त्याला त्या दिवशी कळलं. आईला विचारलं, “आजवर सांगितलं का नाही?” म्हातारी म्हणली, “बाबा, कुणी विचारलंच नाही.”

मग खटला मिटला का? नाही. खोटं कशाला सांगू, बांधाचा वाद अजून हाय. पण पुढच्या दिवशी तो माणूस लेकीला घेऊन पलीकडच्या ओसरीवर गेला. ती चुलती थकली होती, नजर गेली होती. तिच्या पायावर डोकं ठेवलं. पोरीनं तिचंही लिहून घेतलं. चार महिन्यांनी चुलती गेली. वही राहिली. (श्रोते : विठ्ठल विठ्ठल)

तर बाबांनो, करायचं काय ते नीट ऐका. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तीन पिढ्यांची नावं दोन्हीकडची, बायांचं माहेरचं नाव आणि माहेरचं गावसुद्धा. मग एकेकाला बसवा. काम काय केलं, पहिली वारी कधी, दुखणं कोणतं, उपकार कुणाचे. म्हातारी माणसं सन सांगत नाहीत, खूण सांगतात. रझाकाराच्या साली म्हणले की १९४८ च्या आसपास धरा. मोठ्या दुष्काळात म्हणले की १९७२. भूकंपाच्या साली म्हणले की १९९३. किल्लारीकडं त्या पहाटे घरं पडली, माणसं गेली, त्यांच्यासंगं किती घरांच्या किती गोष्टी मातीत गेल्या! दोघांनी एकच गोष्ट दोन तऱ्हेनं सांगितली, तर दोन्ही लिहा, खाली सांगणाऱ्याचं नाव लिहा. निजामाच्या काळची उर्दू-मोडी कागदं असतील तर रद्दीत घालू नका, जाणकाराला दाखवा. फोटोच्या मागं नावं लिहा. मोबाइलात बोलणं भरून घ्या, चांगलं आहे. पण मोबाइल बदलतो, वही देवघरात राहते.

आणि कर्ज लिहा, चूक लिहा, भांडण लिहा. पण कुणाला बोचवायला लिहू नका. जे सांगताना आजी म्हणंल “हे नको लिहू”, ते लिहू नका. तो तिचा अधिकार आहे.

पाडव्याला आपण कडुलिंब खातो, पंचांग ऐकतो. येणाऱ्या वर्षाचं फळ ऐकतो. त्याच बैठकीत त्या वहीचं एक पान वाचा. जे लेकरू आज ऐकंल, ते उद्या लिहील.

देह नाशवंत आहे, हे खरंच. कुळाचा अभिमान परमार्थाला आड येतो, हेही खरं. पण उपकाराची आठवण हा अभिमान नाही. ज्यांच्या खांद्यावर बसून आपण पंढरीचा कळस पाहिला, त्यांचं नाव घेणं हीसुद्धा सेवाच. अजून सप्ताह संपायचा आहे. लेकरं गावात आहेत, म्हातारी ओसरीवर आहे. आज घरी गेल्यावर जेवणाआधी तिच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा, “माय, तुझ्या आईचं नाव काय?”

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!