जुनें डिझेल इंजिन आणि घरची वीज

३ जून २०२० रोजीं श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ आदळलें आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गांवें पुढें अनेक आठवडे अंधारांत राहिलीं. शहरवासी माणसाला अशा वेळीं इन्व्हर्टर आठवतो. पण त्याची बॅटरी भरण्यास मुळांत वीजच हवी. मग विहिरीजवळच्या खोपटांत वर्षानुवर्षें धूळ खात पडलेल्या डिझेल इंजिनाकडे लक्ष जातें. श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांचीं मूळ घरें कोंकणांत आहेत. तेव्हां अशा इंजिनावर घरापुरती वीज कशी करून घ्यावी, याचा थोडा विचार आज करूं.

प्रथम या यंत्राचा स्वभाव ओळखला पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडावी लागते. ठिणगी तोडली कीं इंजिन थांबतें. डिझेल इंजिनांत ठिणगीच नाहीं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें जें यंत्र यशस्वी करून दाखविलें, त्याचें मर्म असें कीं, सिलिंडरांतील हवा इतकी दाबावयाची, कीं ती दाबानेंच तापावी आणि तींत सोडलेलें तेल आपोआप पेटावें. हवा मूळ आकारमानाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतकी दाबली गेली म्हणजे तिचें उष्णतामान ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर जातें. याचा अर्थ, हवा व जळण मिळतें आहे तोंवर हें यंत्र कोणाच्याहि हुकमाची वाट न पाहतां चालत राहतें. म्हणून जुनें इंजिन चालू करण्यापूर्वीं तें बंद कसें करावयाचें, याची तयारी आधीं करावी. मी आज जें सांगणार आहें, त्याचें सार एवढेंच आहे.

आपल्याकडे आढळणारें जुनें इंजिन बहुधा एका सिलिंडराचें, दोन जड चाकांचें आणि मिनिटास ६५० फेरे घेणारें असतें. इंग्लंडांतील डर्स्ले गांवच्या लिस्टर कंपनीचा हा नमुना. राजकोटच्या कारखान्यांनीं त्याच घडणीचीं इंजिनें पुष्कळ काढलीं. असें इंजिन दिसतांच हँडल मारण्याची घाई करूं नये. आधीं नोझल काढून सिलिंडरांत थोडें वंगण सोडावें, एक रात्र मुरूं द्यावें आणि मग चाक हातानें फिरवून पाहावें. न फिरल्यास पहारीचा जोर लावूं नये, मिस्त्रीस बोलवावें. खालचें वंगण सगळें काढून नवें भरावें. काढलेलें वंगण दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे असें समजावें. टाकींतलें शिळें डिझेल वापरूं नये. त्याच्या तळाशीं पाणी सांचतें, त्या पाण्यांत जंतूंची बुळबुळीत वाढ होते आणि तीच पुढें नळींत अडकते. टाकी धुवावी, फिल्टर नवा बसवावा, आणि सिलिंडर थंड करणाऱ्या पाण्याची वाट गाळानें बुजलेली नाहीं ना, हें पाहावें.

यानंतर डिझेलच्या पंपाकडे वळावें. किती तेल सोडावें हें ठरविणारा पंपाचा रॅक बोटानें सरकवून पाहावा. तो सहज पुढें-मागें झाला पाहिजे. जुन्या तेलाचा चिकटा बसून तो पूर्ण उघडा अडकला, तर गव्हर्नरला कांहीं करतां येत नाहीं. वेग वाढतच जातो आणि बिडाचीं जड चाकें फुटून त्यांचे तुकडे दूरवर उडतात. कधीं झिजलेल्या भागांतून वंगणच सिलिंडरांत चढतें. मग डिझेल तोडलें तरी इंजिन आपलेंच वंगण जाळीत धांवूं लागतें. अशा प्रसंगीं हवा तोडणें हाच उपाय आहे. म्हणून हवेच्या तोंडावर नेमकी बसेल अशी जाड फळी आधींच करून ठेवावी व ती घेऊन एक माणूस बाजूस उभा करावा. हात किंवा फडका तेथें कदापि लावूं नये.

आतां नळींतील हवा काढावयाची. हवेचा बुडबुडा दाबला जातो व तेल पुढें ढकललें जात नाहीं. म्हणून बुडबुडे थांबेपर्यंत स्क्रू सैल ठेवावा. नोझलच्या फवाऱ्यापुढें बोट धरूं नये. त्याचा दाब कातडी भेदून तेल आंत घुसवितो, आणि जखम टांचणीएवढी दिसली तरी तत्काळ शस्त्रवैद्य गांठावा लागतो. मग झडप उघडी धरून हँडल फिरवावें, चाकाला गति आली कीं झडप सोडावी. हँडल धरतांना आंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा. उलट झटका आला तर हात सुटतो, मोडत नाहीं. आरंभींचा पांढरा धूर थंड इंजिनाचा असतो. काळा धूर भार जास्त असल्याचें सांगतो व निळा वंगण जळत असल्याचें.

वीज ५० सायकलची हवी असल्यास चार ध्रुवांच्या अल्टरनेटरनें मिनिटास १५०० फेरे घेतले पाहिजेत. इंजिनाचे फेरे ६५०, तेव्हां पट्ट्याच्या चाकांचें प्रमाण सुमारें २.३ पट ठेवावें. सहा अश्वशक्तीच्या इंजिनावर तीन-साडेतीन किलोवॉट वीज मिळते; दिवे, पंखे, शीतकपाट आणि पाण्याचा लहान पंप यांस ती पुरेशी आहे. कोंकणच्या दमट हवेंत अल्टरनेटरच्या गुंडाळ्यांना ओल धरते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून त्यांचें रोधन मेगरनें तपासून घ्यावें. इंजिन घरांत किंवा पडवींत चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि झोंपलेल्या माणसास तो पुन्हां जागें होऊं देत नाहीं.

राहतां राहिला विजेचा जोड. ही वीज भिंतींतल्या सॉकेटांत तार खुपसून घरांत घेणारे लोक आहेत. असें केल्यानें ती मीटरमार्गें बाहेरच्या तारांवर जाते. ११,००० व्होल्टचा दाब उतरवून आपणांस २३० व्होल्ट देणारा ट्रान्स्फॉर्मर उलट दिशेनेंहि तितकेंच काम करतो. आपले २३० व्होल्ट पलीकडे हजारों होतात. वादळानंतर त्याच तारा जोडण्यासाठीं महावितरणचा लाइनमन खांबावर चढलेला असतो. त्याच्या समजुतीप्रमाणें तार मेलेली असते. म्हणून घरांत चेंजओव्हर स्विच बसवावा, म्हणजे एका वेळीं बाहेरची तरी वीज किंवा इंजिनाची तरी, दोहोंपैकीं एकच जोडली जाते. त्याचा खर्च इंजिनाच्या दुरुस्तीच्या मानानें अल्प आहे. तो बसल्यावांचून इंजिनाचें हँडल हातीं घेऊं नये.